शेवटची ओळ दुसऱ्याची

कटपीस, म्हंजी आमचा रॅपचा ग्रुप, का फुटलं, आसं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. कारण विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आसतं. एक जण म्हणतो, "एक जयभीमवाला, एक मुसलमान, कव्हा ना कव्हा व्हायचंच होतं ते." दुसरा डोळा मारून म्हणतो, "मधी पोरगी होती ना!" आरे बाबा, ती पोरगी मीच. माझ्यावरून भांडायला त्या दोघांना आधी माझ्याकडं बघायला तरी सवड पायजे होती!

तर सांगते एकदाचं. नीट ऐका, मला परत परत सांगायचा कंटाळा आलाय.

मी सुलेखा. मिलिंदनगरला राहते, टीव्ही सेंटरला एका मिक्सिंग लॅबमधी लग्नाचे व्हिडिओ जोडते. माझे पप्पा, राजकुमार, गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हंजी आमच्याकडं मांडीवर ठेवायचं लाकडी वाद्य. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. एप्रिल-मे दोन म्हैने पप्पा घरात दिसायचेच नाय. आज करमाड, उद्या जालना, परवा पार परभणी. जिथं जयंती तिथं पार्टी. मला भाऊ नाय, म्हणून बेंजो माझ्याकडं आला. हौस म्हणून नाय, पप्पांची बोटं आखडली म्हणून.

पप्पांच्या पार्टीची एक रीत होती. गाणाऱ्यानं आपलं कडवं शेवटच्या ओळीपस्तोर आणायचं अन् सोडून द्यायचं. शेवटची ओळ त्याच्या जोडीदारानं द्यायची. तिथल्या तिथं, लोकांसमोर, आधी काय न ठरवता. जोडीदार अडकला तर दोघांचीबी फजिती. पप्पा म्हणायचे, यानं काय होतं, माणूस आपल्याच कडव्यावर भाळून बसत नाय, अन् दुसऱ्याचं कडवं मन लावून ऐकतो.

ही रीत आम्ही रॅपमधी आणली. कटपीस दुसरं काय नव्हतं.

संघपाल आमच्या गल्लीतलाच. शेंद्र्याला कंपनीत ठेकेदाराकडं कामाला, अन् सुट्टीच्या दिवशी पप्पांच्या पार्टीत कोरसला. आवाज आसा, की माइक नसला तरी चालंल. झीशान मात्र भांडायला म्हणून आला होता. त्याच्या बहिणीच्या, सुमय्या आपाच्या लग्नाच्या व्हिडिओत मी बिदाईच्या सीनला माझी एक बीट टाकली होती. रडणाऱ्या बायका अन् मागं बेंजो, ढोलक अन् पत्रा ठोकल्याचा आवाज.

"ओ मॅडम, मेरी आपा रो रै अन् पीछे तुम्हारा गॅरेज चालू है! दिमाग ठिकाने पे है क्या?"

मी म्हणलं, "आवडलं नसंल तर बदलून देते. वरडू नको, दुकान माझ्या मालकाचंय."

तो खुर्ची ओढून बसला अन् म्हणला, "बदलो मत. एक बार फिर लगाओ." दुसऱ्यांदा लावलं तर त्याच्यावर बडबडायलाच लागला. दख्खनीत, भराभरा, आपाच्या सासूपासून मांडवातल्या पंख्यापस्तोर. संघपाल त्या दिवशी माझा डबा घेऊन आला होता. तो दारात उभा राहून ऐकू राह्यला. झीशान दम घ्यायला थांबला, अन् संघ्यानं शेवटची ओळ जोडून टाकली. मराठीत. झीशाननं मान वळवून बघितलं अन् त्याला मिठीच मारली. मला म्हणला, "हौ, बीट बी ठीक है."

बघा, तिथूनच सुरू. बीट बी ठीक है!

नाव झीशाननंच ठेवलं. त्याच्या अब्बांचं, नवाबचाचाचं, शहागंजला कटपीसचं दुकान होतं. उरलेल्या तुकड्यांचं कापड विकायचे. आम्हीबी तसेच, म्हणला, इधर का तुकडा, उधर का तुकडा. पहिलं गाणं नळाचं. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते साऱ्या महाराष्ट्राला माहितीय. संघपाल बोलायचा:

"वाजला नळ गल्लीतला, उठलो घरचे सारे,
हंडा, बादली, पातेलं घेऊन पळालो दारी रे,
आला निस्ता आवाज अन् आलं निस्तं वारं..."

आन् पहिल्या खेपेला झीशाननं शेवटची टाकली, "अम्मा बोली भरके रखो, गर्मी में लगेगी हवा रे!"

लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. पुढच्या कार्यक्रमात तीच ओळ द्यायची नाय, नवीन द्यायची, म्हणून लोकं तेच गाणं ऐकायला परत परत यायचे. झीशानची ओळ हसवायची. संघपालची ओळ माणसाला उभं करायची. कडव्यात कितीबी रडारड आसू दे, शेवटी त्याच्या ओळीत मूठ वर. मी मागं बसून बेंजो अन् लॅपटॉप सांभाळायची. दोघं कुठं थांबतील, कुठं पळतील, हे मला त्यांच्या आधी कळायचं. कळावंच लागायचं, नायतर गाणं पडलंच!

करमाडच्या जयंतीत झीशानची एक गंमत झाली. आमच्याकडं गाणं चालू आसताना लोक नोट घेऊन स्टेजपाशी येतात. दहाची, वीसची, कुणी अकरा रुपये. ते पैसे महत्त्वाचे नसतात. गाणं तिथंच हळू करायचं अन् माइकवरून त्या माणसाचं नाव घ्यायचं, गाव घ्यायचं, मंग पुढं जायचं. झीशानला हे कुठं माहीत? एका आज्यानं नोट पुढं केली, यानं सलाम ठोकला अन् नोट खिशात घालून रॅप चालू! आजा तसाच उभा. लोक हसू राह्यले. संघपालनं धावत जाऊन माइक घेतला, आज्याचं नाव विचारलं, आडनावासकट, गावासकट म्हणलं, तव्हा आजा खाली उतरला. नंतर संघ्यानं झीशानला झाप झाप झापलं. "माणूस नोट द्यायला नाय येत, नाव ऐकायला येतो. माझ्या आईचं नाव, कडूबाईचं, आख्ख्या जिंदगीत एकदाच माइकवर घेतलं होतं. राजकुमारकाकांच्या पार्टीनं. मी सहावीत होतो. घरी येऊन ती चुलीपुढं बसून रडली होती. कळलं का?"

झीशान म्हणला, "कळलं भाई, कळलं." पुढं तोबी नावं घ्यायला शिकला. रॅपमधीच गुंफायचा.

दोन वर्षं मजेत गेली. कॉलेजं झाली, नाशिक झालं, नागपूर झालं. रिक्षात आमचं गाणं वाजायचं. पप्पा हाटेलात बसून उगंच कुणालाबी सांगायचे, बेंजो ऐकला का, माझ्या पोरीचा हात आहे तो. आन् मंग पुण्याचं बोलावणं आलं.

राज्यातल्या सगळ्या रॅपवाल्यांचा मोठा कार्यक्रम. गाणी काढणाऱ्या कंपन्यांची माणसं येणार होती. प्रत्येकाला आठ मिनिटं, समोर लाल आकड्यांचं उलटं चालणारं घड्याळ. शून्य झालं की माइक बंद. आधीच सांगितलं होतं तसं.

झीशाननं त्याच्यासाठी नवीन कडवं केलं होतं. अब्बांवर. अन् नवाबचाचाला घेऊन आला होता. ज्या माणसानं ईदच्या आदल्या दिवशी कधी दुकान बंद केलं नाय, तो माणूस दुकान बंद करून, इस्त्रीचा पठाणी घालून एस्टीत आमच्यासोबत बसून पुण्याला आला. तिसऱ्या रांगेत बसला. कडवं काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. संघपाललाबी नव्हतं, त्यानं शेवटची ओळ तिथंच द्यायची होती. मला तेवढं माहीत होतं, कारण बीट बांधायला झीशाननं मला ऐकवलं होतं.

आधी संघपालचं कडवं. झकास. झीशाननं ओळ दिली, लोक पेटले. आता झीशानची पाळी. आन् तेवढ्यात स्टेजच्या पायरीवर एक माणूस चढला. खुर्च्या लावायच्या कामावरचा, गळ्यात कार्यक्रमाचं कार्ड, हातात दहाची नोट.

घड्याळ पळू राह्यलं होतं. मी मनात म्हणलं, संघ्या, आज नको. आरे, हे करमाड नाय! पण संघपाल पायरीकडं वळला, अन् माझ्या हातानं आपोआप बेंजो हळू केला. लहानपणापासून तेच शिकवलंय ना, नाव आलं की तारा दाबायच्या.

"सिल्लोड तालुक्यातून पोटामागं पुण्यात आलेले, आपल्या मातीतले काकासाहेब यांच्याकडून कटपीसला मानाची भेट! टाळ्या झाल्या पायजेत!"

पब्लिक येडं झालं. पुण्यातल्या पोरांनी आसलं काय कधी बघितलंच नव्हतं. काकासाहेबांनी संघ्याच्या कानात सांगितलं, माझ्या मेहुण्याचं बी नाव घ्या, तो कंट्रोल रूमला आहे. घेतलं. मंग खालून अजून एक जण आला, जालन्याचा. त्याचंबी घेतलं. झीशान माइक तोंडापाशी धरून तसाच उभा. मी संघ्याला डोळ्यानं खुणा केल्या, मान हलवली, शेवटी बेंजोवर हात आपटला. काय उपयोग नाय. तो नावात रमला होता.

झीशाननं तोंड उघडलं. "अब्बा ने नापा..." आन् माइक गेला. लाइट गेली. पुढचा ग्रुप आत आला.

नवाबचाचा 'अब्बा' शब्द ऐकून खुर्चीत नीट सावरून बसले होते. ते तसेच बसून राह्यले. येताना एस्टीत त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला अन् अगदी साध्या मनानं म्हणले, "बेटा, गाया तो संघपाल. तू तो खडाच था." चाचांच्या मनात काय वाईट नव्हतं. पण झीशान त्यानंतर नगरपस्तोर खिडकीतून बाहेर बघत बसला.

भांडण दुसऱ्या दिवशी लॅबमधी झालं.

"मेरेकू दो मिनिट होना थे, संघा. दो मिनिट!"

"माणूस पायरीवर उभा होता. नाव नको घेऊ? हाकलून देऊ?"

"बाद में लेना था!"

"नंतर नाव घेत नसतात. तुला सांगितलंय मी."

झीशान म्हणला, "मेरे अब्बा तीसरी लाइन में बैठे थे. पुरी जिंदगी में पैली बार. उनका नाम किसने लिया रे?"

आन् आमचा येडा संघपाल, मनात काय पाप नाय, काय नाय, जसं पार्टीत शिकला तसं सरळ बोलून गेला, "त्यांनी नोट कुठं आणली होती?"

कपाळाला हात लावला मी. संघ्याला कळलंसुद्धा नाय काय बोलला ते. त्याच्या डोक्यात रीत होती. नोट येती, मंग नाव येतं. पण ऐकणाऱ्याच्या कानाला काय लागलं? झीशान उठला, चप्पल घातली अन् गेला. मी संघ्याला शिव्या घातल्या, तव्हा कुठं त्याचं तोंड पडलं. माफी मागायला शहागंजला गेला पण. झीशान म्हणला, "छोड ना यार, हो गया." बस्स, एवढंच. भांडला आसता, कॉलर धरली आसती, तर बरं झालं आसतं.

आन् वरून नशीब बघा! तो नाव घेतानाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला अन् तो महाराष्ट्रभर फिरला. 'ह्याला म्हणतात मातीतला कलाकार.' काकासाहेबांच्या मुलाखती झाल्या. आमच्या नळाच्या गाण्याला जेवढे लोक नव्हते त्याच्या दसपट लोकांनी संघ्याला नोट घेताना बघितलं. मंग काय, फोनवर फोन. "ते नाव घेणारे पायजेत." वाढदिवस, हळद, दुकानाचं उद्घाटन, नगरसेवक व्हायला निघालेले, झालेले, पडलेले, सगळे. पुढं पुढं तर नोटबी नाय अन् पायरीबी नाय, नावं आधीच मोबाइलवर यायची. "मार्गदर्शक", "आधारस्तंभ", "युवा नेतृत्व". संघपाल वाचायचा. गाणं अर्धं, नावं दुप्पट. कंपनीचं काम त्यानं सोडलं. त्याचं घर त्याच्यावर होतं, कडूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच कार्यक्रमांतून झालं, हे मी नाकारत नाय. मला राग त्याचा नव्हता. राग याचा होता की झीशान स्टेजवर हात बांधून उभा, मी खाली मान घालून तेच तेच चार सूर वाजवू राह्यले, अन् अब्बांचं कडवं तसंच पडून.

दर कार्यक्रमाच्या आधी मी म्हणायची, आज ते कडवं घेऊ. संघ्या म्हणायचा, "घेऊ ना, वेळ उरला तर." वेळ कशाला उरतोय!

मंग एक दिवस संघपाल आख्खं कडवं घरून करून आला. शेवटच्या ओळीसकट. म्हणला, आयोजकाला आधी दाखवावं लागतं, भलतंसलतं नको. झीशाननं ऐकलं. "अच्छा है," म्हणला. "मेरी जगह किधर है इसमें?"

"तू हुक घे ना, मधलं तेच ते धृपद."

"हौ. हुक."

त्यानंतर झीशान कधी आला, कधी नाय. सुमय्या आपाच्या नवऱ्याची सिल्लोडला मक्याची आडत होती. तिथं बसायला लागला. शहागंजचं दुकान चाचांनी भाड्यानं देऊन टाकलं अन् तेबी पोरीकडं जाऊन राह्यले. कुणी जाहीर केलं नाय, कुणी फोटो पुसला नाय. बॅनरवर 'कटपीस'च्या जागी 'कटपीस फेम संघपाल' आलं एवढंच. आन् खाली बारीक, 'सोबत वाद्यवृंद'. वाद्यवृंद म्हंजी मी एकटी!

मी कुठवर सहन करावं? एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मुकुंदवाडीत स्टेज होतं. संघपाल नावं वाचू राह्यला, वाचू राह्यला, वाचू राह्यला. माझी बोटं दुखली. मी बेंजो उचलला, खोळीत घातला अन् निघाले. तो माइकवरच म्हणला, "सुले, कुठं चालली?" मी तिथूनच वरडले, "तुझी यादी झाली की सांग, तवर मी म्हातारी होते!" लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच विनोद आहे. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

घरी पप्पांना सांगितलं. ते उलट मलाच, "नाव घ्यावंच लागतं, बाळा." मी म्हणलं, "पप्पा, तुमच्या पार्टीत नावाआधी गाणं तरी आसायचं."

पण ते कडवं काय माझ्या डोक्यातून जाईना. बाकी सगळं गेलं तर गेलं, म्हणलं, हे एक गाणं मी पुरं करणार. नवाबचाचांनी ते ऐकलंच पायजे. म्हाताऱ्याच्या मनात 'तू तो खडाच था' एवढंच राह्यलं तर आम्ही इतकी वर्षं काय केलं? बीट तयार होती. झीशानचा आवाज पायजे अन् शेवटची ओळ संघपालची. ग्रुप जोडायच्या भानगडीत मी पडणारच नव्हते. दोघांना एका खोलीत आणायचं नाय, वेगवेगळं गाठायचं.

सुट्टी टाकून सिल्लोडला गेले. आडतीत मक्याचे ढीग, काटा, हमालांची ये-जा, अन् झीशानच्या केसांत भुसा. मला बघून खुश झाला, चहा मागवला. काम सांगितलं तसा तोंड फिरवून बसला. "छोड ना, सुलेखा. हो गया वो."

"नाय सोडणार. दोन बसा बदलून आले मी. गपगुमान बोल."

बोलला. गोदामात, पोत्यांच्या मधी, मोबाइलवर. पयल्या खेपेला घसा खाकरत, दुसऱ्या खेपेला डोळे मिटून.

"अब्बा ने नापा सारे शहर का कपडा,
किसी का कुर्ता, किसी का पर्दा, किसी का झगडा,
ईद आई, गली सजी, बच्चा-बच्चा अकडा,
अब्बा पुराने कुर्ते में थान के पीछे खडा..."

थान म्हंजी कापडाचा तागा. एवढं बोलून झीशान थांबला. सवयीनं बाजूला बघितलं, जिथं संघपाल उभा राहायचा तिथं. तिथं पोती होती.

मला म्हणला, "देगा क्या वो?"

"देईल. त्याचा बाप देईल."

संघपालला गाठायलाच कितीतरी दिवस गेले. आज इथं, उद्या तिथं. शेवटी एका दुपारी दोन कार्यक्रमांच्या मधी आला लॅबमधी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल, दोन्ही वाजू राह्यलेले. मी दोन्ही काढून घेतले अन् त्याच्या कानाला हेडफोन लावला.

कडवं त्यानं पहिल्यांदा ऐकलं. इतक्या दिवसांनी, पहिल्यांदा! ऐकताना त्याची मान खाली गेली. परत लाव म्हणला. परत लावलं. मंग हळूच म्हणला, "हे पुण्यात बोलणार होता व्हय?"

"व्हय. हेच."

तो उठून माइकपुढं गेला. मी बीट सोडली. झीशानचा आवाज आला, "थान के पीछे खडा..." आन् संघपालनं तोंड उघडलं. "आपल्या सर्वांचे लाडके..."

आपलं आपल्यालाच ऐकून तो दचकला. "थांब, थांब. परत."

परत. यावेळी काहीच नाय. अजून परत. ओठ हलले, आवाज नाय. ज्याला लोकांनी भर स्टेजवर कुठलंबी कडवं फेकून मारावं अन् त्यानं वरच्या वर झेलावं, तो माणूस माझ्या बारक्या खोलीत घामानं भिजून उभा. मला रडूबी येऊ राह्यलं अन् त्याच्या डोक्यात काहीतरी हाणावंसंबी वाटू राह्यलं.

"सुले, तू लिहून दे ना. मी वाचतो."

"काय म्हणलास?"

"येत नाय गं." तो खाली बसला. "खरंच येत नाय. आता समोर नाव दिसल्याबिगर तोंडातून काय निघतच नाय."

"ऊठ," मी म्हणलं. "ऊठ संघ्या, जा. तुझी लोकं वाट बघू राह्यली आसतील." त्याचे मोबाइल त्याच्या हातात कोंबले. दारातून तो वळून "जय भीम" म्हणला. मीबी म्हणलं. त्याला उत्तर दिल्याबिगर राहता येत नसतं.

मी तशीच बसले. बीट चालूच होती. कडवं यायचं, "खडा" वर थांबायचं, पुढं रिकामी जागा, परत सुरू. कितीदा वाजलं काय माहीत. संताप संताप झाला. चाचांचा, झीशानचा, संघ्याचा, माझ्या बोटांचा, सगळ्यांचाच. एवढी रिकामी जागा ठेवून कुणी जातं का? तेवढ्यात झीशानचा फोन.

"आया था ना वो? दिया?"

खोटं बोलायचं मी काय ठरवलं नव्हतं. पण त्याच्या आवाजात इतकी आशा होती की 'नाय' तोंडातून निघंना. "दिली," मी म्हणलं.

"क्या बोल्या? सुना ना!"

आता आली का पंचाईत! मागं बीट चालूच होती. "थान के पीछे खडा" आलं, अन् मी फोनमधी बोलून गेले:

"साऱ्या गावाला पुरलं कापड, बापच राह्यला उघडा."

तिकडून नुसता काट्यावर पोतं आपटल्याचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला.

"झीशान?"

"ये संघा का नै है," तो म्हणला.

"कशावरून?"

"संघा आदमी कू उठाता है. उघडा नै छोडता." "किसका है ये?"

माझा तोल गेला. "कुणाचं आसंल? इथं तिसरं कोण होतं रे इतकी वर्षं? भूत वाजवत होतं व्हय बेंजो?"

"तेरा है?" त्याला खरंच नवल वाटलं. ते नवलच मला जास्त झोंबलं. "तो कब्बी बोली कायकू नै?"

"कुणी विचारलं? तू विचारलं? त्यानं विचारलं? तू त्याच्याकडं बघायचा, तो तुझ्याकडं बघायचा. शेवटची ओळ दुसऱ्यानं द्यायची म्हणं! आरे, तिसरी होती ना शेजारी बसलेली!"

तो म्हणला, "एक मिनिट रुक. अब्बा यहींच बैठे हैं. फिर से बोल, पुरा लगा."

मी आख्खं कडवं लावलं, फोन स्पीकरपाशी धरला, अन् शेवटी माझी ओळ बोलले. तिकडं नवाबचाचांचा श्वास ऐकू येत होता. मंग त्यांचा आवाज आला. "ये तो मेरा है रे, झीशान. ये तो सब मेरा है." नाक शिंकरल्याचा आवाज. "आखिर का किसने बोल्या? वो लडकी कौन?"

"सुलेखा, अब्बा."

"कौन सुलेखा?"

पुण्याच्या एस्टीत मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते. त्यांना बिस्किटं दिली होती मी.

"वो अब्बा... वो नै क्या, बेंजोवाली."

"अच्छा अच्छा," चाचा म्हणले.

मी फोन ठेवला. माइक खाली ओढून माझ्या तोंडापाशी आणला अन् ती ओळ रेकॉर्ड केली. मधीच आवाज फाटला, तो तसाच ठेवला. त्याच संध्याकाळी कटपीसच्या नावानं गाणं टाकून दिलं, अन् खाली तीन नावं लिहिली. पहिलं माझं. दोघांपैकी कुणालाबी विचारलं नाय.